न हललेला माल

यादीतल्या तिसऱ्या ओळीवर मालकांचं लाल पेन टेकलं आणि स्टोअर सांभाळणाऱ्या बाईनं मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"ब्रेकचे लायनर, साठ जोड्या. दहा महिन्यांत एकही गेली नाही?" मालक खुशीत होते. "बघा, कॉम्प्युटरवर चढवलं म्हणून कळलं. नाहीतर आम्ही आपले डोळे मिटून मागवत बसलो असतो. हे बंद. आहेत ते परत घेतात का विचारा."

लिफ्टची देखभाल करणारी छोटी कंपनी ती. कुठली वस्तू कधी आली, कधी गेली, कुठल्या इमारतीसाठी गेली, हे सगळं बाईनं चार महिने खपून कॉम्प्युटरवर चढवलं होतं. पडून राहिलेल्या मालाची यादी मालकांनीच मागितली होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचे मुख्य मिस्त्री बसले होते. ते तिचे धाकटे दीर. ही नोकरी तिला त्यांनीच लावून दिली होती.

"साहेब, ते बंद नका करू." ती म्हणाली.

"का?"

"तो माल जायला हवा होता."

पर्समधून तिनं घडी केलेला कागद काढला. दोन दिवस तो तिथं होता, आणि दोनदा तो फाडून टाकायचा म्हणून तिनं हातात घेतला होता.

"जुन्या मशीनच्या चौदा लिफ्ट आहेत आपल्याकडे. त्यांना वर्षाला पंचवीस-तीस जोड्या लागायच्या. कुठलंही वर्ष काढून बघा. दहा महिन्यांपूर्वी आपण दोन माणसं कमी केली, त्या महिन्यापासून शून्य. बल्ब जातात, बटणं जातात, पंखे जातात. ज्याची तक्रार येते ते सगळं जातंय. ब्रेक कुणाला दिसत नाही, साहेब."

मिस्त्री हसले. "वहिनी, लिफ्ट कागदावर चालत नाही. लायनर झिजला तर बदलायचा, चांगला असेल तर कशाला हात लावायचा? दर महिन्याला बघतो मी. सही असते माझी."

"चौदाच्या चौदा चांगले, भावजी? दहा महिने?"

"मग सरळ म्हणा ना, मी खोटं बोलतो म्हणून."

पडत्या काळात ज्या हातानं आधार दिला, त्याच हाताकडे ती बोट दाखवत होती. संध्याकाळी एकाच घरात जेवायला बसायचं होतं.

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तपासणीसाठी चौदा लिफ्ट बंद केल्या तर लोक मला फाडून खातील. निम्मी कामं हातची जातील. आणि कशावरून? तर माल पडून आहे, यावरून?"

"एवढंच आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "माझं चुकलं तर मला काढून टाका. पण आज एक तरी उघडून बघा."

मालकांनी यादी बाजूला सारली. मग उठले. "चला. तिघंही."

गाडीत मिस्त्री पुढे बसून खिडकीबाहेर बघत होते. मागच्या सीटवर बाई मनातल्या मनात एकच घोकत होती, आपलं चुकलेलं असू दे. नोकरी गेली तर जाऊ दे, दिरानं जन्मभर तोंड पाहिलं नाही तरी चालेल, पण आपलं चुकलेलं असू दे.

इमारत बारा मजली होती. मशीनची खोली गच्चीवर. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं, आत लख्ख उजेड. एक आजोबा नातीचं बोट धरून आत शिरत होते. या तिघांना पाहून त्यांनी हातानं दार थोपवून धरलं.

"या, या. पुष्कळ जागा आहे."

मालक पुढे झाले. बाईचा पाय उचलेना. तिनं वळून दिराकडे पाहिलं.

मिस्त्री जागच्या जागी उभे होते.

"आजोबा, बाहेर या."

"का हो?"

"आधी बाहेर या!"

त्या ओरडण्यानं नात दचकली. मिस्त्री झपकन पुढे गेले, पोरीला उचलून बाहेर ठेवलं, आजोबांचा दंड धरून त्यांना ओढलंच, आणि चावी फिरवून लिफ्ट बंद केली. मग दारावर हात टेकून, कुणाकडेही न बघता बोलले, "आम्ही दोघंच उरलो होतो, साहेब. चाळीस लिफ्ट. वर चढून मशीन उघडायला वेळ कुठला? खालीच उभं राहून सही करायचो."

माणसं कमी करायचं पत्र मालकांच्याच सहीनं निघालं होतं.

"वहिनी, बाकीच्या तेरा ठिकाणी फोन लावा," मिस्त्री म्हणाले. "मी येईपर्यंत कुणालाही आत पाऊल टाकू देऊ नका म्हणावं." आणि कठड्याला धरून ते जिना चढू लागले.

तिनं पर्समधून इमारतींच्या फोन नंबरांचे कागद काढून पहिला नंबर लावला. मालकांनी तिच्या हातातून अर्धे कागद घेतले आणि तेही फोन लावू लागले.

"सकाळपासून चार वेळा वर-खाली झालं की आमचं," आजोबा नातीला जवळ ओढत म्हणाले. "काय झालंय तरी काय?"

फोनवर तिकडे घंटी वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.