पुतळा खाजवत नाही

"मान सरळ ठेव," सुनेत्रा बोर्डामागून कुजबुजली. "पुतळा खाजवत नाही."

"दाढी टोचतेय."

"घरी सगळं पाठ होतं ना?"

"होतं."

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या शाळेत तिसरीचं वॅक्स म्युझियम भरलं होतं. शास्त्रज्ञाचा वेष करून पुतळ्यासारखं बसायचं. समोरचं कागदी लाल बटण कुणी दाबलं, की त्या शास्त्रज्ञाचं बालपण आपलंच असल्यासारखं सांगायचं. ग्रेड त्यावरच.

सकाळी घरात रडारड झाली होती. दाढी नको म्हणजे नको! पण सुनेत्राने अख्खा वीकेंड घालवून बोर्ड रंगवला होता, तो काय रिसायकलमध्ये टाकायचा? शेवटी दाढी चढली. पालकांनी मदत करू नये, असा मिसचा ईमेल होता. सुनेत्राच्या मते ही मदत नव्हती.

बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लागत होते. पॉप्सिकल चोखत एक पोरगा आला. त्याने बटण दाबलं.

"मी थॉमस विकहॅम. माझा जन्म इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरला झाला. शाळेत वर्गासमोर बोलायची मला इतकी लाज वाटायची, की मी... मी..."

"कपाटात," बोर्ड म्हणाला.

"कपाटात लपायचो."

पोरगा खिदळत पळाला. परत आला. परत बटण. परत यॉर्कशायर.

शेजारच्या टेबलावर ज्वालामुखींची शास्त्रज्ञ झालेली रोशनी घडाघडा बोलत होती. तिचे आजोबा, नागपूरहून आलेले मनोहर काका, इकडे येऊन थबकले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"घाम फुटलाय रे तुला. पाणी देऊ?"

"नको, काका."

काका आणखी काहीतरी विचारणार होते. मग त्यांनी नजर खाली घातली आणि ते हळूच सटकले. इथे जवळपास एखादं खरं कपाट असतं, तर बरं झालं असतं.

"मिस आल्या," बोर्ड म्हणाला. "आता अडखळलास तर घरी चल, बघते."

मिस कार्टर पेन काढून समोर उभ्या राहिल्या. त्यांच्याआधी त्या पोरट्यानेच बटण दाबलं. पण या वेळी सगळं सुरळीत झालं. यॉर्कशायर, लाज, कपाट, कपाटाच्या फटीतून आलेला उजेड, त्या उजेडातून लागलेला शोध. एकदाही अडखळणं नाही.

मिसनी टाळ्या वाजवल्या.

"फार छान, मिस्टर मेश्राम," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात तुमचा मुलगा आहे. तो बटण दाबतोय ना, तो."