नरसूच्या घरची पाल

"तुमचा विश्वास बसणार नाही," मी रंगाच्या दुकानदाराला म्हणालो, "पण आमच्या नरसूने घरात भारीतला रंग लावला आणि भिंती इतक्या गुळगुळीत झाल्या, की पाल वर चढेना. आता ती जिन्याने जाते."

दुकानदार हसला. माझी सून हसली नाही. उद्या सकाळी रंगारी येणार होता. तिने महागड्या डब्यावर बोट ठेवलं. "हाच द्या. जुने डाग झाकतो ना?"

"दोन हातांत नाहीसे," दुकानदार म्हणाला.

मी स्टुलावरून उठलो, पुन्हा बसलो, शेडकार्ड उलटंच चाळत राहिलो. "पण त्यावर कॅलेंडर टिकत नाही. नरसूचं खिळ्यासकट घसरलं. एकादशी कधी ते कळत नाही, म्हणून बिचारा रोजच उपास करतो. वाळून काडी झालाय. त्यापेक्षा आपला साधा डिस्टेंपर बरा."

"काका, डिस्टेंपरमधून तेलाचे डाग चार दिवसांत परत वर येतात."

"येऊ देत की," माझ्या तोंडून निसटलं.

सुनेने डब्यावरचं बोट काढून घेतलं. मी घाईघाईने पुन्हा पालीकडे वळलो, ती जिन्यात कशी धापा टाकते ते सांगू लागलो.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "नरसू नावाचं कुणी नाहीच. आई होत्या तेव्हा पलंगावर भिंतीला डोकं टेकून बसायच्या. तिथला त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग तुम्हाला झाकायचा नाहीये."