उशाखालचा विळा

दुसरी फेरी निम्मी झाली तेव्हा जगदीशने हात वर केला आणि बोट आणखी हळू फिरवायला सांगितली. दामिनीने मागचं छोटं इंजिन कमी केलं. शीड उतरवलेलं होतं. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

मीनाबाई मागच्या बाकावर पाय आखडून बसल्या होत्या. ब्राह्मणपुरीहून धडगाव आणि तिथून जीपने घाट उतरून त्या कालच इथे पोचल्या होत्या. लेकीची, दामिनीची, शिडाच्या बोटींची शर्यत उद्यावर आली होती.

जगदीश नाशिकहून बोटीतली यंत्रं जुळवायला आलेला. वाऱ्याचं, वेगाचं, खोलीचं अशी यंत्रं सकाळीच जुळवून झाली होती. होकायंत्र तेवढं राहिलं होतं. त्यासाठी बोट संथ पाण्यात गोल फिरवावी लागते. यंत्र आपलं आपण शिकतं, असं तो म्हणाला होता.

फेरी पुरी झाली. जगदीश यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिला. "नऊ अंशांचा फरक," तो म्हणाला. "जरा जास्तच आहे. खालचा लोखंडी कणा ओढत असेल." मग त्याने एक बटण दाबलं, समोरच्या डोंगराच्या सुळक्यावर नेम धरून आकडा ताडून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"उद्या चुकलं तर तुमचं नाव घेत बुडू," रविना म्हणाली. दामिनीची ही जोडीदारीण इथल्याच डोंगरातली, या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेली. जगदीश हसला. मीनाबाईंना मात्र ते बोलणं आवडलं नाही.

आवडणार कसं? त्यांचे यजमान रतिलालभाई तापीच्या पुरात गेले. सदऱ्याच्या खिशातून कधी न हलणारा त्यांचा अडकित्ता त्या दिवशी खुंटीवरच्या दुसऱ्या सदऱ्यात राहिला होता. गावाने पुराला बोल लावला. मीनाबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र इतकी वर्षं तो खुंटीवरचा सदराच होता. अंगाशी लोखंड असतं तर माणूस परत आलं असतं, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

म्हणून काल संध्याकाळी बोटीला हळदकुंकू वाहताना, पोरी दोर आवळण्यात गुंतलेल्या असताना, त्यांनी पिशवीतला विळा काढला होता. दामिनी झाली तेव्हा सव्वा महिना त्यांच्या उशाखाली होता तोच. हळदीच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी तो मागच्या बाकाखाली सरकवला होता.

काठावर येऊन सगळे भाकरीला बसले. पलीकडच्या वळणाशी पाण्यात बुडालेलं सागाचं रान होतं. झाडं अजून उभीच होती, शेंडे पाण्याखाली हातभर. त्यांच्यामधून जेमतेम दोन बोटींएवढी वाट होती आणि शर्यत सुरू व्हायची ती त्या रानापलीकडच्या मोकळ्या पाण्यात. पहाटे धुकं असलं तर पडद्यावरचा आकडा धरूनच त्या वाटेतून जायचं, असं दोघींचं ठरलं होतं. वेगात पाण्याखालच्या खोडावर आदळली तर बोट उभी फाटते, हे रविनाने खाता खाता सांगितलं. मागच्या वर्षी एक मासेमार तसाच गेला होता.

"एक लक्षात ठेवा," जगदीश म्हणाला. "मागच्या बाकाखाली पांढरी डबी आहे ना, तेच होकायंत्र. तिच्याजवळ लोखंड ठेवायचं नाही. एका शर्यतीत कुणीतरी तिथे पाना विसरलं होतं. बोट सरळ खडकावर गेली."

मीनाबाईंचा घास हातातच राहिला.

सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण पोरी हसल्या असत्या आणि परक्या माणसासमोर दामिनीला मान खाली घालावी लागली असती. शिवाय विळा काढायचा म्हणजे लेकीला तिच्या बापासारखंच मोकळ्या अंगाने पाण्यावर सोडायचं. पण रात्रभर त्यांच्या डोळ्यांसमोर ती खडकावर गेलेली बोट येत राहिली.

पहाटे धुकं उतरलं होतं. समोरचा डोंगर दिसत नव्हता. दामिनी आणि रविना लाल जाकिटं चढवत होत्या. "बाकाखाली शिदोरी ठेवस," म्हणत मीनाबाई बोटीत चढल्या. वाकल्या. डबीला अगदी खेटून फडकं होतं. ते त्यांनी पदराआड घेतलं आणि तिथे भाकरीचं गाठोडं ठेवलं.

उतरताना त्यांनी दामिनीच्या गालावरून हात फिरवला.

"माय, इतली काय घाबरी ऱ्हायनी?" दामिनी म्हणाली. "आकडा धरीसन जासू. डोया मिटीसन बी जाता यी."

"जाय बेटा," मीनाबाई म्हणाल्या. रतिलालभाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कुणाला पाण्यावर लोखंडाशिवाय जाऊ दिलं होतं. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. शिकल्यासवरल्या पोरीचं भलं तिच्या यंत्रातच असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

शीड चढलं. वारा चांगला होता. बोट धुक्यात शिरली, थोडा वेळ रविनाचं हसणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. इथे मोबाइलला रेंज नव्हती.

जगदीश काठावर वायरी गुंडाळत होता. मीनाबाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, आते तो काटा खरं दखाडी ना?"

"अगदी खरं, मावशी." त्याने मान वर केली नाही. "काल बोटीतलं लोखंड त्याला नऊ अंश ओढत होतं. मी तेवढे नऊ अंश त्याला वजा करायला शिकवलंय. आता काल होतं ते लोखंड जिथल्या तिथे राहिलं म्हणजे झालं."

मीनाबाईंचा हात पदराआड गेला. विळा अजून बोटीच्या पोटातल्यासारखा गार होता.