सिस्टरला आवाज नाही

“सिस्टर काय बोलते ते ऐकूच येत नाही.”

तक्रारवहीतली ही दुसरी तक्रार, आणि दोन्ही सुलक्षणाच्याच नावावर. इन्चार्ज उषा सिस्टरांनी वही तिच्यापुढे आपटली.

“पेशंटला गोळ्या देतेस की कानात गुरुमंत्र? पुरुषांचा वॉर्ड आहे हा. तुझे सहा महिने भरायला पंधरा दिवस उरलेत. तिसरी तक्रार आली तर कायम करा म्हणून मी सही देणार नाही. घसा दिलाय ना देवाने? वापर.”

“हो, सिस्टर.”

“काय?”

“हो, सिस्टर.”

“देवा रे!” उषा सिस्टर म्हणाल्या.

नर्सिंगच्या परीक्षेत आवाजाचं हे दुखणं नडलं नव्हतं. तिथे उत्तरं लिहायची होती. सुई तर ती अशी टोचायची की पेशंट विचारायचा, कधी टोचणार? पण जळगावच्या त्या वॉर्डात भेटायच्या वेळेला आठवडी बाजार भरायचा. “बाजूला व्हा” म्हणता म्हणता सुलक्षणाच बाजूला व्हायची.

त्याच दुपारी सात नंबरच्या खाटेवर हिलाल आबा आले. गाव पारोळ्याकडचं. जळगावजवळ असोद्याला लग्नाला आले आणि मांडवाचा खिळा अंगठ्यात घुसला. आबांनी त्यावर हळद दाबली आणि वरात, पंगत सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी पायाचा भोपळा झाला. रक्त तपासलं तर साखर साडेतीनशे.

सुलक्षणाने खाटेकडे पाहिलं, मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, आणि होता नव्हता तेवढाही आवाज गेला.

“काय म्हनी ऱ्हायनी ही?” आबांनी शेजारच्या खाटेवरच्या भिकनला विचारलं.

“सुई देते म्हणतात वाटतं.”

“ए पोरी, जोरात बोल. मी काय पंचांग ऐकाले बसेल शे?”

संध्याकाळी आबांचा मुलगा विक्रम आला. दारातच थबकला. खाटेशी उभ्या सिस्टरकडे बघून त्याच्या हातातला डबा सुटता सुटता राहिला.

“आणि सूनबाई?” भिकनने सहज विचारलं.

“धुळ्याला आहे. ट्रेनिंगला,” विक्रम घाईने म्हणाला. “कंप्युटरच्या.”

“मनी सून म्हणजे सोनं शे,” आबा भिकनला म्हणाले. “दोन वरीस व्हई ग्यात, तिना आवाज कसा शे, माले म्हाईत नही. डोकावरना पदर कधी खाले येत नही. चहा ठेवाले येस तव्हय पाय दिसतस, तेवढंच. लग्नातच सांगेल व्हतं, नोकरी कर, पण हापिसात बसीसन. हे परक्या माणसांचे पाय धुवानं काम आमना घरमा चालणार नही.”

पाय धुणाऱ्या सुलक्षणाने बँडेज बांधलं. जरा घट्टच बांधलं.

“हाय, हाय!” आबा ओरडले.

चौथ्या दिवशीही साखर उतरेना. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, “अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल.” सुलक्षणाला काही सुचेना. इन्सुलिन वेळेवर, जेवण मोजकं, मग साखर येते कुठून? ती परत सात नंबरकडे गेली. आबांची मान उशीकडे वळली होती आणि जबडा हलत होता. लग्नघरची जिलेबी!

“आबा! ठेवा ती खाली!”

वॉर्ड चिडीचूप झाला. पाच नंबरचा पेशंट घोरायचा थांबला. व्हरांड्यातल्या नातेवाइकांनी आपापले डबे बंद केले.

“डॉक्टर अंगठा कापायची भाषा करतायत आणि तुम्ही जिलेब्या खाताय? पाय गेल्यावर शेतात काय रांगत जाणार? एवढं वय झालं, लाज नाही वाटत? घरी कोणी ओरडत नाही म्हणून इथेही ओरडणार नाही असं वाटलं?”

आबांनी आ वासला. जिलेबी तिच्या पायाशी पडली. नवे पांढरे बूट चावत होते म्हणून त्या दिवशी ती चपलेवर होती. आबांनी जिलेबीकडे पाहिलं, मग पायाकडे. बराच वेळ पायाकडेच.

“हाऊ भाजेलना डाग कशाना शे?”

“चहा सांडला होता,” ती अजून धापा टाकत होती. “नवी होते. कप निसटला.”

उशीखालची पुडी त्यांनी स्वतःच भिकनकडे सरकवली.

त्या दिवसापासून त्यांनी सुलक्षणाशी बोलणं टाकलं. बाकीच्या सिस्टरांना “ए पोरी” म्हणून हाक मारायचे. ती आली की नजर खाली आणि तोंड सलाइनच्या स्टँडकडे.

“पाय ठणकी ऱ्हायना,” ते स्टँडला सांगायचे. “आज चाळीस पावलं चालनू, म्हणा.”

“म्हाताऱ्याला लागलंय बरं का तुमचं बोलणं,” भिकन जिलेबी खात म्हणाला. “आता तिसरी तक्रार पक्की.”

सुलक्षणाला झोप लागेना. तरी साखर उतरत गेली तसा तिचा आवाज चढत गेला. आठव्या दिवशी तिने “बाजूला व्हा” म्हटलं तर वॉर्डबॉयसुद्धा भिंतीला चिकटला.

अंगठा वाचला. घरी जायच्या दिवशी हिलाल आबांनी तक्रारवही मागवली. पाव तास, ओठ दाबून, ते लिहीत होते. सुलक्षणा औषधांच्या ट्रॉलीवर त्याच त्या बाटल्या पुन्हापुन्हा पुसत राहिली.

उषा सिस्टरांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

“‘या सिस्टरचा आवाज फार मोठा आहे. व्हरांड्यापर्यंत जातो. त्यामुळे माझा पाय राहिला. तिला कायमची ठेवावी.’ ही तक्रार की शिफारस, सुलक्षणा?”

“माहीत नाही, सिस्टर!”

“अगं हळू! कानाचे पडदे फाडशील.” आणि त्यांनी सही केली.

दिवाळीत चार दिवसांची सुट्टी मिळाली. पाडव्याच्या सकाळी सुलक्षणा नाकापर्यंत पदर ओढून, बांगडी न वाजवता ओट्यावर आली, सासूने केलेला चहा खाटेपुढे ठेवला आणि मागे सरली. हिलाल आबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि दोन वर्षं बोलत आले होते तसे ओट्याच्या खांबाकडे तोंड करून म्हणाले,

“सूनबाईले सांग, चहामा साखर पडी गई. जळगावनी सिस्टर वरडी.”