गळतीचा बंदोबस्त

बायकोचा पहिला नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याची जुनी मोटारसायकल दाराबाहेर मुक्काम ठोकून होती. इंजिनातून तेल ठिबकायचं आणि बायको रोज सकाळी, दुसऱ्या नवऱ्याचा चहा उकळत ठेवून, फडकं घेऊन तिच्यापाशी बसायची. त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं? गळती थांबली की लाडही थांबतील, म्हणून रविवारी त्यानं बाह्या सरसावल्या. इंजिनाखालचा बोल्ट काढला, तर वॉशरऐवजी सुतळी गुंडाळलेली! “वा रे कारागीर!” म्हणत त्यानं नवं वॉशर घातलं आणि दातओठ खात बोल्ट आवळला. सोमवारी लादी कोरडी ठणठणीत. बायकोनं बोट फिरवून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. त्याची छाती फुगली. “अहो, आता डागांची भीतीच मिटली,” ती म्हणाली, “तेवढी तुमची खुर्ची सरकवा, हिला घरात घेऊ या!”