अकरा दुपट्टे

"अकरा," बोट फिरवत अंकुशनं मोजलं आणि गाडीचं दार लावलं. डोकी नाही, दुपट्टे मोजले. सिंदी मेघेहून निघतानाच त्यानं सगळ्यांना एकेक पिवळाजर्द दुपट्टा वाटला होता.

ही अक्कल ठेच लागून आली होती. मागल्या महिन्यात एक काका तलावाच्या पाळीवर झोपून राहिले आणि गाडी त्यांना सोडून जाम गावापर्यंत आली. सहली काढणारे मनोहरराव तेव्हा एवढंच म्हणाले, "आता एक मुंडकं जरी कमी आलं, तं गाडीची चाबी टेबलावर ठेवजो अन् घरी जाजो." घरी जाऊन करायचं काय? गाडी चालवणं आणि डोंगर दाखवणं, अंकुशला दोनच गोष्टी येत होत्या आणि दोन्हींवर त्याचा जीव होता.

आज भजनी मंडळातल्या दहा बाया होत्या आणि अकरावी गुंजन, एकटीच आलेली कॉलेजची पोरगी. पोरगी कसली, प्रश्नांचं पोतं! गिरडच्या टेकड्यांतला पहिला तलाव येईस्तोवर तिनं अंकुशचं डोकं खाल्लं. हा दगड गोल काऊन? पाणी हिरवं काऊन?

दुसऱ्या तलावाशी गाडी थांबली, तर वडाखाली बोचकं घेऊन एक म्हातारी बसलेली.

"जामले सोडतं का रे बाबू? लेकीकडे जाचं आहे. एस्टी गेली निघून."

"नाई जमत आजी. बुकिंगची गाडी आहे. सीटा मोजून अकरा."

बोलून झाल्यावर त्याला वाईट वाटलं. पण मनोहररावांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

गुंजनचं भलतंच चाललं होतं. "दादा, या टेकडीच्या पलीकडे तिसरा तलाव आहे ना? तिथं काऊन नाई नेत?"

"तिथं वाघीण आहे, पिल्लं घेऊन. दिवस कलला का पाण्यावर येते."

"तुम्ही पाह्यली?"

"मी पाह्यली असती, तं तुमच्यासंग बोलाले राह्यलो असतो का?"

बाया खो खो हसल्या. गुंजन टेकडीकडेच पाहत राहिली.

मग गाडी वडापाशीच ठेवून पायी घळीत. दोन्हीकडे उंच कडे, मधून एका माणसापुरती वाट आणि वर कड्याला लटकलेली आग्या मोहोळं. अंकुशनं दम भरला, "तोंडाले दुपट्टा बांधा, डोळे तेवढे उघडे ठेवा. गाडीत बसेपर्यंत कोणी चकार शब्द काढाचा नाई. माशा उठल्या तं मंग मले बोलू नका."

भजनी मंडळ मुकाट चाललंय, हे नवल त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तो पुढे, बाया मागे, सगळ्यांत शेवटी गुंजन. घळीच्या टोकाशी कुंड होतं. तिथं पाच मिनिटं बसून सगळे आल्या वाटेनं परतले. वाटेत अंकुशनं दोनदा वळून मोजलं. अकरा. पुन्हा अकरा.

गाडीपाशी आल्यावर त्यानं बॉनेट उघडून पाणी टाकलं. तोवर बाया एकेक करून आत चढल्या. वडाखाली आता कोणी नव्हतं. मिळाली असेल म्हातारीला एखादी फटफटी, असं म्हणून त्याला हायसं वाटलं.

निघण्याआधी त्यानं आरशात बोट नाचवलं. अकरा पिवळी डोकी. मागच्या कोपऱ्यातलं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. दमली बिचारी. प्रश्नांचं पोतं रिकामं झालं एकदाचं!

जामला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा सूर्य बुडायला आला होता. तेवढ्यात मनोहररावांचा फोन.

"मोजले का रे?"

"अकराच्या अकरा, साहेब! दुपट्टा न् दुपट्टा मोजला." अंकुशची छाती फुगली. फोन खिशात टाकून तो दाराशी उभा राहिला. बाया पाय मोकळे करत उतरल्या आणि सगळ्यांत मागून, बोचकं सावरत, अकरावा दुपट्टा उतरला.

तोंडावरचा दुपट्टा सोडून म्हातारीनं त्याची नीट घडी केली आणि अंकुशच्या हातात ठेवली.

"लई पुण्य लागीन त्या पोरीले. आपली सीट देल्ली मले. म्हणे, बोलू नोको आजी, माशा उठतात. अन् गाईडदादाले सांगजो म्हणे, मी वाघीण पाहूनच येतो."