आईची बाजू

कपडे पिळायची वेळ आली की मशीन बिथरायचं. आधी घुं घुं, मग धाड धाड, मग अख्खी बोट हादरवून ते मान टाकायचं आणि वर लाल दिवा लावून गप्प बसायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. मुलीनं शेवटी कमरेवर हात ठेवले आणि हट्टाला पेटलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही कपडे कोंबता किती आत!"

"दोन सदरे आणि एक चादर," बाबा म्हणाले. "कोंबायला आता कपडे आहेत कुणाचे?"

तिनं बादली लावून मशीनची जाळी काढली, धुतली. तिच्यात निघालं काय, तर एक बटण आणि थोडा लगदा. पाणी बाहेर सोडणारी नळी कुठे दुमडली आहे का पाहिलं, ती सरळ होती. काठावरून ओढलेली वीज कमी पडते की काय, म्हणून पंखा, फ्रीज सगळं बंद करून झालं. मग घरी करायची तशी पुठ्ठ्याची घडी मशीनच्या एका पायाखाली सरकवली. मशीन क्षणभर शहाण्यासारखं फिरलं, मग पुठ्ठा बाहेर फेकून पुन्हा मूळपदावर आलं.

आई गेल्यापासून बाबा या बोटीवर एकटेच राहत होते. मुलीचं म्हणणं, आता माझ्याकडे चला. बाबांचं म्हणणं, माझं मला सगळं जमतं. बरीच वादावादी होऊन ठरलं होतं, की स्वयंपाक, धुणं, झाडलोट नीट चालली तर त्यांनी इथेच राहावं, नाहीतर ती न्यायला येईल. आज ती आली, तर मशीनमध्ये न पिळलेले सदरे आणि चादर, कुबट वास मारत पडलेली. तिनं मनाशी पक्कं करून टाकलं. हे एवढे कपडे धुऊन निघाले की पिशवीत भरायचे आणि बाबांना घेऊन निघायचं.

"मशीन गेलंय कामातून," ती म्हणाली. "आणि हे काही तुमच्याच्यानं व्हायचं नाही, बाबा. चला माझ्याबरोबर."

"मशीनला काही झालेलं नाही." बाबा आपल्या बाकावरून उठलेसुद्धा नाहीत. "बोट कललीय."

"कशानं?"

तिनं त्यांच्या पुढ्यातल्या कपाकडे पाहिलं. चहा बाबांच्या बाजूला चढला होता, पलीकडची कड कोरडी होती.

तिची नजर आपोआप पलीकडे गेली. ती बाजू आईची. आईचं अंथरूण तिथे, लोखंडी पायांचं शिवणयंत्र तिथे, कापडाच्या ताग्यांनी भरलेली ट्रंक तिथे, कोळशाची जुनी इस्त्रीसुद्धा तिथेच. आता तिथे नुसती लाकडी फळी होती, लख्ख पुसलेली. मागच्या खेपेला तिनंच हमाल बोलावून सगळं उचलून नेलं होतं. बाबांच्या डोळ्यांसमोर नको, उगाच जीव तुटतो, म्हणून. बाबा तेव्हा हूं की चूं न करता बघत बसले होते आणि आपण केवढं शहाणपणाचं काम केलं, असं तिला वाटलं होतं.

"तेव्हाच सांगायचं ना, बाबा!" तिचा आवाज चिरकला.

"तू एवढ्या मायेनं आवरत होतीस. काय सांगणार?" मग थांबून ते म्हणाले, "आणि नुसतं सामान नाही गं. ती पण होती."

तिनं बाहेर पडलेला पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला.

"लहानपणापासून भांडणात आईचीच बाजू घेत आलीस," बाबा जरासे हसले. "आता खरीखुरी घे. जा, बस तिकडे. बघू होतं का."

ती फळीवर जाऊन बसली, पाय वर घेऊन, आई बसायची तशी भिंतीला टेकून. बोट किंचित हलली. बाबांनी उठून मशीनचं बटण दाबलं आणि ते परत आपल्या जागी बसले. घुं घुं झालं. धाड धाड झालं. लाल दिवा लागला.

"कमी पडतेस," बाबा म्हणाले.

त्यांना वजनच म्हणायचं होतं. पण तिला ते असं लागलं, की ती तिथेच तोंड झाकून रडायला लागली. बाबांनी तिला रडू दिलं.

डोळे पुसून ती उठली. बाबांना इथून न्यायची भाषा आता तिच्या तोंडून निघणार नव्हती. बाहेर पाण्याचे रिकामे कॅन पडले होते. एकेक कॅन नदीत बुडवून, भरून ती आत आणायला लागली आणि आईच्या फळीवर उशाकडून पायथ्याकडे ओळीनं मांडायला लागली. कॅन ठेवला की बाबा कपातल्या चहाकडे बघत आणि म्हणत, "अजून."

ती पुन्हा बाहेर जाई, पुन्हा वाकून भरून आणी.

"अजून."

तिचे दंड भरून आले, ओढणी चिंब झाली. शेवटी एकदाचा चहा कपात सरळ झाला. तिनं मशीन सुरू केलं. ते न अडखळता फिरू लागलं, फिरतच राहिलं आणि चादरीचं पाणी नळीतून धो धो बाहेर पडू लागलं.

"झालं, बाबा," धापा टाकत ती वळली.

बाबा कपाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर समोरच्या फळीवर खिळली होती.

"अजून," ते म्हणाले.